पिकिट : आधी मोजणी, मग हद्द

माझी भाची फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिथं जातात. २०२४ च्या पावसाळ्यात एकदा फोनवर ती म्हणाली, "मावशी, आज वॉर्डात एक आजी आल्यात. सिस्टर सांगत होत्या, त्या आयुष्यात पाच वेळा बाकवित झाल्यात." बाकवित म्हणजे काय, ते मी विचारलं. 'इव्हॅक्युएट' हा इंग्रजी शब्द मिंदानाव बेटावरच्या लोकांनी तोंडात घोळवून घोळवून आपलासा केला, तो 'बाकवित'. लढाई सुरू झाली की पोरंबाळं, कोंबड्या आणि भाताचं पोतं घेऊन घर सोडणारा, आणि ती थांबली की परत येऊन जळकं छप्पर शाकारणारा, तो बाकवित. आजींचं गाव पिकिट.

तेव्हापासून पिकिटबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. गेली सव्वाशे वर्षं तिथं सरकारांनी हद्दी आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या. जमीन मुळात कोणाची होती, ती कोणत्या कायद्यानं कोणाकडे गेली आणि आज ती कोण कसतंय, याचा हिशोब मात्र एकाही सरकारनं पुरा केला नाही. २०२४ साली तिथं नव्या मुनिसिपालिट्या झाल्या. त्या व्हायला हव्या होत्या असंच माझं मत आहे. पण जमिनीच्या नोंदी तशाच ठेवून हद्द आखली, तर ती बांधावरच्या भांडणाला सरकारी शिक्का मारण्यापलीकडे फारसं काही करणार नाही, अशी मला भीती वाटते.

फिलिपिन्समधली मुनिसिपालिटी आपल्या नगरपालिकेसारखी नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मध्ये एक बाजाराचं गाव, भोवती पंचवीस-चाळीस खेडी, आणि सगळ्यांचा मिळून एक निवडून दिलेला मेयर. आपल्या छोट्या तालुक्याच्या जवळ जाणारा प्रकार. खेड्याला तिथं बारांगाय म्हणतात. पिकिटमध्ये अशी ४२ बारांगाय होती आणि माणसं दीड लाखाहून अधिक. एका अंगाला मिंदानावची मोठी नदी, जिला वरच्या भागात पुलांगी म्हणतात, आणि दक्षिणेला लिगवासानची अफाट पाणथळ. प्रांताचं नाव कोताबातो. मागिंदानाव भाषेतल्या 'कुता वातो', म्हणजे दगडी कोट, यावरून ते आलं. हा 'कुता' आणि आपला 'कोट' एकाच संस्कृत मुळाचे. पिकिटमध्ये राजा मुदा नावाचं एक बारांगायही आहे. राजा तर आपला ओळखीचाच, आणि मुदा म्हणजे तरुण, थोडक्यात युवराज.

गावातल्या टेकडीवर एक जुना किल्ला आहे. स्पॅनिशांनी तो १८९३ साली बांधला. तीनशे वर्षं फिलिपिन्सवर राज्य करूनही नदीच्या वरच्या अंगाचा हा मुलूख त्यांच्या हाती कधी नीट आला नव्हता. इथले दातू, म्हणजे मुस्लिम सरदार, आपापल्या नदीकाठांवर सत्ता चालवत होते. किल्ला बांधून सहा वर्षं होत नाहीत तोच स्पॅनिशांना निघून जावं लागलं. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसच्या तहानं स्पेननं सगळा फिलिपिन्स अमेरिकेला दिला आणि बदल्यात दोन कोटी डॉलर घेतले. जो मुलूख विकणाऱ्यानं पुरता जिंकलाच नव्हता, तोही त्या सौद्यात गेला. पुढच्या सगळ्या कागदपत्रांचं मूळ या एका व्यवहारात आहे.

यानंतर अमेरिकनांनी जे केलं ते सावकाश बघायला हवं, कारण पिकिटचा सगळा गुंता त्यातूनच सुरू होतो. १९०२ साली जमीन-नोंदणीचा कायदा आला. ज्याच्या नावाची नोंद, तो मालक. कल्पना चांगली होती, आपल्याकडे सातबाऱ्याचं महत्त्व सांगायला नको. पण मागिंदानावांमध्ये, म्हणजे या खोऱ्यातल्या मुस्लिम समाजात, जमीन कोणाच्या मालकीची नसे. ती अल्लाची, दातू तिचा राखणदार आणि कसणाऱ्याची वहिवाट. नांगर चालतो तोवर हक्क. अशा माणसाला परक्या भाषेतला फॉर्म भरून दूरच्या कचेरीत जा असं सांगितलं, तर तो का जाईल? मुळात त्याला हे सांगितलं तरी कोणी?

मग एप्रिल १९०३ मध्ये ७१८ क्रमांकाचा कायदा झाला. मोरो, म्हणजे दक्षिणेतल्या मुस्लिम, सुलतानांनी, दातूंनी किंवा 'ख्रिस्ती नसलेल्या जमातीं'च्या प्रमुखांनी सरकारच्या परवानगीशिवाय दिलेली जमीन बेकायदा आणि रद्द, असं त्यात म्हटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ज्या एका अधिकारावर उभी होती, तो अधिकारच एका ओळीत गेला. त्याच वर्षीच्या सार्वजनिक जमिनीच्या कायद्यानं, ज्यावर नोंद नाही ती जमीन सरकारची आणि सरकार ती वाटणार, असं ठरवलं. कुटुंबाला १६ हेक्टर, म्हणजे चाळीस एकर. कंपनीला १,०२४ हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकरांच्या वर.

१९१९ ची दुरुस्ती तर उघड भेदभावाची होती. ख्रिस्ती माणसाला २४ हेक्टर आणि ख्रिस्ती नसलेल्याला १०. पुढे १९३६ साली, फिलिपिनोंचं स्वतःचं सरकार आल्यावर, ख्रिस्त्याला १६ आणि इतरांना ४. चाळीस एकर आणि दहा एकर. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही या दोन आकड्यांमधलं अंतर समजावून सांगावं लागणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी तो मुलूख राखला, त्यांना चौथा हिस्सा. तोही त्यांनी अर्ज केला तर.

कागदावरची ही जमीन पिकिटमध्ये प्रत्यक्षात वाटायला सुरुवात झाली १९१३ साली. मनिलात शेती-वसाहतींचा कायदा झाला आणि सेबू बेटावरून कुटुंबं आणून कोताबातोच्या खोऱ्यात वसवायचं ठरलं. वसाहती निघाल्या त्या पिकिट, सिलिक, गिनातिलान, पैदू पुलांगी, पगालुंगान इथं, मागिंदानावांच्या मुलखाच्या ऐन गाभ्यात. तेव्हाचा अमेरिकन गव्हर्नर फ्रँक कार्पेंटर याची योजना अशी, की ख्रिस्ती आणि मोरो कुटुंबं शेजारीशेजारी बसवायची, म्हणजे एकमेकांचं बघून ती एक होतील. त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण एका शेजाऱ्याच्या हाती सरकारी कागद आणि दुसऱ्याच्या हाती फक्त आठवण, अशी शेजारवस्ती टिकायची कशी?

येणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती मनापासून समजून घेतली पाहिजे. सेबू, पनाय, इलोकोस इथून मिंदानावला आलेले बहुतेक जण जहागीरदारांच्या शेतावरची कुळं होती. पीक अर्धं मालकाचं, कर्ज कधी न फिटणारं. उत्तरेत 'कसेल त्याची जमीन' करायची झाली असती तर मोठ्या हासिएंदा, म्हणजे जमीनदारांच्या जहागिरी, फोडाव्या लागल्या असत्या, आणि हासिएंदांचे मालक तर मनिलाच्या सत्तेत बसलेले. त्यापेक्षा असंतोषाला दक्षिणेची वाट दाखवणं सोपं होतं. मिंदानाव म्हणजे 'वचनभूमी' असं सांगितलं गेलं. १९३९ पासून तर सरकारनं त्यासाठी खास महामंडळच काढलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शरण आलेल्या, लुझोन बेटावरच्या 'हुक' शेतकरी बंडखोरांनाही याच खोऱ्याच्या आसपास जमिनी दिल्या. लुझोनमधल्या जमीनदारीचं दुखणं मिंदानावच्या अंगावर काढलं गेलं. इलोंगो, म्हणजे पनायकडचा, शेतकरी इथं दरोडा घालायला आला नव्हता. त्याला सांगितलं होतं की जमीन रिकामी आहे.

आणि दातूंबद्दल गप्प बसणंही बरं नव्हे. नव्या कायद्याची भाषा ज्यांना लवकर उमगली असे काही दातू होते. कोताबातोच्या खोऱ्यातले दातू पियांग, बाप चिनी व्यापारी आणि आई मागिंदानाव, हे अमेरिकनांचे भरवशाचे सहकारी आणि त्या भागातले सगळ्यांत श्रीमंत गृहस्थ. अशा घराण्यांनी स्वतःच्या नावावर मोठाल्या जमिनी लावून घेतल्या, नव्या वसाहतींना हात दिला, काहींनी जमिनी विकल्याही. वहिवाटदार कुळाला ते विचारायला गेले नाहीत. म्हणून या कथेत मुस्लिम विरुद्ध ख्रिस्ती एवढेच दोन पक्ष धरले तर दोन्हीकडचा गरीब हिशोबातून गळतो. आणि तिसरा तर कोणाच्याच ध्यानात नसतो : मनोबो, तेदुराय यांसारखे आदिवासी, ज्यांना तिथं लुमाद म्हणतात. आधी दातूंनी आणि मग वसाहतींनी त्यांना डोंगराकडे सरकवत नेलं.

युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, पगालुंगान मुनिसिपालिटी झाली आणि तिच्यातून पुढे पिकिट वेगळं निघालं. त्या काळाचं राजकारण दोन मेहुण्यांभोवती फिरत होतं. सालिपादा पेंदातुन यांचा जन्म १९१२ चा, पिकिटचाच. वकील झाले, जपान्यांविरुद्ध गनिमी फौज उभी केली, १९४६ ला सिनेटर झाले. दुसरे उदतोग मातालाम, पगालुंगानचे, बरीच वर्षं कोताबातोचे गव्हर्नर. पेंदातुन राजधानीत आणि मातालाम प्रांतात, अशी ही जोडी. नव्याने आलेल्यांना पदं द्यायची, त्यांची मतं घ्यायची, तंटे बसून मिटवायचे. वीस वर्षं हे चाललं, आणि मला ते कमी मोलाचं वाटत नाही.

पण बोटी भरभरून माणसं येतच राहिली. १९१८ च्या खानेसुमारीत कोताबातोत दर तीन माणसांतली जवळजवळ दोन मुस्लिम होती. १९७० पर्यंत ते प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आलं. जमीन गेली तशी मतपेटीही जाणार हे दिसू लागलं. मे १९६८ मध्ये, गव्हर्नरपद सोडलेल्या मातालामांनी पगालुंगानहून मुस्लिम स्वातंत्र्य चळवळीची घोषणा केली. ख्रिस्ती शेजारी बिथरले, तेव्हा त्यांनी नावातला 'मुस्लिम' काढून 'मिंदानाव' घातला. ज्या माणसानं आयुष्यभर तडजोडीचं राजकारण केलं, त्यानं अखेरीस वेगळं होण्याची भाषा का केली, याचं उत्तर जमिनीच्या त्या कायद्यांत आहे असं मला वाटतं.

नंतरची दोन-तीन वर्षं भयंकर होती. 'इलागा', म्हणजे उंदीर, या नावाच्या ख्रिस्ती टोळ्या निघाल्या, तिकडे मुस्लिम सशस्त्र गटही. १९ जून १९७१ रोजी शेजारच्या कार्मेन मुनिसिपालिटीतल्या मनिली गावात, बोलणी करायची म्हणून मशिदीत जमवलेल्या सुमारे सत्तर माणसांना, त्यात बायकामुलंही होती, गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष मार्कोसनं मार्शल लॉ पुकारला. आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यानं एका फर्मानानं कोताबातो फोडला : उत्तर कोताबातो, मागिंदानाव आणि सुलतान कुदारत. लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

या फाळणीचा नकाशा पिकिटपाशी बघण्यासारखा आहे. पगालुंगान आणि पिकिट, कधीकाळी एकच मुनिसिपालिटी. पहिलं गेलं मागिंदानावात, दुसरं उत्तर कोताबातोत. १९८९ साली मुस्लिम मिंदानावचा स्वायत्त प्रदेश झाला, त्यात मागिंदानाव गेला, उत्तर कोताबातोनं नकार दिला. दावाओहून कोताबातो शहराकडे जाणारी बस कबाकान सोडते, पगालुंगानला स्वायत्त प्रदेशात शिरते, आणि थोड्याच वेळात पिकिटला तिथून बाहेर पडते. रस्ता तोच, दोन्हीकडची भातखाचरं तीच, सासर-माहेरही इकडून तिकडे. दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या हातात कागद नाही, तेही सारखंच.

लढाया मात्र या रेषांकडे बघून थांबल्या नाहीत. १९९७ मध्ये राजा मुदा, २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांचं 'सर्वंकष युद्ध', फेब्रुवारी २००३ मध्ये बकरी ईदच्या दिवशी बंडखोरांच्या बुलिओक तळावर चढाई. त्या एका वर्षात मिंदानावभर चार लाखांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. पुन्हा २००८. त्या वर्षी सरकार आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट ही बंडखोर संघटना यांच्यात वडिलोपार्जित मुलखाबद्दल करार व्हायचा होता. उत्तर कोताबातो प्रांतच त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला, ऑगस्टमध्ये सहीच्या आदल्या दिवशी स्थगिती आली आणि ऑक्टोबरमध्ये कोर्टानं मसुदा घटनाबाह्य ठरवला. आमच्या गावाचं काय होणार ते आम्हाला न विचारता ठरलं, ही प्रांताची तक्रार होती आणि ती रास्त होती. मला एवढंच विचारावंसं वाटतं, की १९१३ साली आणि १९७३ साली हीच तक्रार ज्यांची होती त्यांनी कोणत्या कोर्टात जायचं होतं?

या सगळ्यात पिकिटमध्ये एक गोष्ट घडली, जी कोणत्याही फर्मानातून आली नव्हती. २००० च्या लढाईनंतर नालापान नावाच्या बारांगायमधले मुस्लिम, ख्रिस्ती आणि लुमाद एकत्र बसले. फादर रॉबर्तो लायसन तेव्हा पिकिटच्या चर्चचे पाद्री होते. त्यांनी आणि काही कार्यकर्त्यांनी मध्यस्थी केली. गावाचं म्हणणं साधं होतं : तुमचं भांडण असेल, पण आमचं गाव त्याचं मैदान करू नका. हे त्यांनी लष्कराकडेही नेलं आणि बंडखोरांकडेही. २००१ मध्ये नालापान 'शांततेची जागा' म्हणून जाहीर झालं. २००४ पर्यंत अशी सात बारांगाय जोडली गेली आणि सातांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून गिनापालादताका असं लांबलचक नाव तयार झालं. सुरुवात उपदेशानं झाली नाही. जळालेली घरं कोणाची कोणी आधी बांधायची, बी-बियाणं कसं वाटायचं, परतलेल्या शेजाऱ्याचं शेत मधल्या काळात दुसऱ्यानं पेरलं असेल तर पीक कोणाचं, असल्या गोष्टी बसून मिटवाव्या लागल्या. म्हणजे जमिनीचाच हिशोब, पण गावानं गावापुरता केलेला.

आता २०१९. बांगसामोरो या नव्या स्वायत्त प्रदेशात जायचं का, यावर सार्वमत झालं. मतपत्रिकेवर हातानं एकच शब्द लिहायचा : 'ओओ' म्हणजे हो, नाहीतर 'हिंदी' म्हणजे नाही. (फिलिपिनो भाषेत नकाराला हिंदीच म्हणतात.) उत्तर कोताबातोतल्या ६७ बारांगायांनी जायची इच्छा दाखवली होती. अट अशी, की बारांगायनं हो म्हणायचं आणि ज्या मुनिसिपालिटीतून ते बाहेर पडणार तिनंही हो म्हणायचं. ६३ पार झाली, त्यांतली सगळ्यांत जास्त पिकिटची. २००१ मध्येही अशीच ३९ बारांगाय हो म्हणाली होती, पण तेव्हा अख्ख्या प्रांताचा कौल लागे आणि प्रांत तयार नव्हता. या वेळी शेजाऱ्यांनी 'जा' म्हटलं. ती मतं देणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा मला आदर वाटतो. मोठं पाऊल होतं ते.

पण बाहेर पडलेली ही ६३ गावं पाच वर्षं अधांतरी राहिली. जुन्या मेयरचा अधिकार गेला, नवा मेयर नाही, प्रांत नाही. अखेर १३ एप्रिल २०२४ च्या सार्वमतानं त्यांच्या आठ मुनिसिपालिट्या झाल्या. पिकिटच्या पोटातून मालिदेगाव, तुगुनान आणि लिगवासान निघाल्या. आठही मुनिसिपालिट्या कोणत्याच प्रांतात नाहीत.

या निर्णयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, काही अंशी. दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी जवळची कचेरी मिळाली. आपल्यातला मेयर असणं म्हणजे काय, ते पन्नास वर्षं तो नसलेल्यालाच कळतं. तरीही दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट पैशाची. राष्ट्रीय करातला वाटा मुनिसिपालिट्यांना देताना फिलिपिन्समध्ये एक सूत्र लावतात : ५० टक्के लोकसंख्येवर, २५ टक्के क्षेत्रफळावर आणि २५ टक्के सगळ्यांना सारखे. हे १९९१ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. या सूत्रानं माणूस आणि एकर दोन्ही मोजणीचे होतात, आणि एकाच्या दोन मुनिसिपालिट्या केल्या की 'सारखे' हा हिस्सा दोनदा मिळतो. म्हणून तिथल्या प्रत्येक घराण्याला आपली वेगळी मुनिसिपालिटी हवी असते. अशा वेळी रेषा चार शेतं अलीकडे की पलीकडे, हा भावनेचा प्रश्न राहत नाही. त्यात लाखो पेसो गुंतलेले असतात आणि घराण्यांकडे बंदुका आहेत. घराण्या-घराण्यांतल्या वैराला तिथं 'रिदो' म्हणतात. १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंतच्या रिदोंची एक मोजदाद झाली आहे : १,२६६ प्रकरणं, साडेपाच हजारांहून अधिक बळी. कारणांत वरच्या दोन जागा जमीन आणि निवडणूक यांच्याच.

दुसरी गोष्ट पाण्याची. लिगवासानच्या पाणथळीचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं आणि खाली काळीभोर गाळाची जमीन उघडी पडते. आपल्याकडे धरणाच्या पोटातल्या अशा जमिनीला गाळपेर म्हणतात. ती कसायला कोणाला मिळायची यावरून इथं पाटबंधारे खात्याच्या दारात रांगा लागतात, हे धरणाकाठच्या माणसांना ठाऊक आहे. तिथं रांग लावायला दारच नाही. यंदा जी पट्टी उघडी पडली ती पुढच्या वर्षी पाण्यात असेल, आणि तिच्या मधून आता मुनिसिपालिटीची नवी हद्द जाते. मासेमारीची जागा, वेतापासून घरापर्यंत सगळं देणारी दलदल, आणि आठ महिन्यांनी शेत. एकाच जमिनीवर तीन जणांचे तीन ऋतूंचे हक्क. हे कोणत्या वहीत लिहिलंय?

हा हिशोब काढायचं नाव घेतलं की एक आक्षेप हमखास येतो. शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काढाल तर रक्त सांडेल, कारण जे तेव्हा आले त्यांची आज चौथी पिढी तिथं राबते आहे, त्यांच्या पणज्याच्या कबरीही तिथंच आहेत. मी हा आक्षेप हलका समजत नाही. म्हणूनच माझी मागणी कोणाला उठवण्याची नाही. कसणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला, मग तो इलोंगो असो की मागिंदानाव, त्याच्या जागेवर कायम करा. पण नोंदवहीत दोन रकाने असू द्या : आज कोण कसतंय आणि १९०३ आधी वहिवाट कोणाची होती. ज्यांची वहिवाट गेली त्यांना भरपाई सरकारनं द्यावी, शेजाऱ्यानं नव्हे, कारण ती जमीन 'रिकामी' ठरवून वाटली सरकारनं. आणि सुरुवात मोठ्या खात्यांपासून करा, हजार हेक्टरवाल्यांपासून आणि दातूंच्या घराण्यांपासून. लुमादांच्या वडिलोपार्जित जमिनींसाठी १९९७ चा कायदा आहेच. बांगसामोरोमध्ये तो कागदावर न ठेवता लावा.

यातलं काही मी शोधून काढलेलं नाही. सरकार आणि मोरो फ्रंट यांच्यातल्या २०१४ च्या शांतता करारानंतर नेमलेल्या संक्रमणकालीन न्याय आयोगानं २०१६ सालच्या अहवालात जमीन बळकावली जाण्याला या संघर्षाच्या मुळांत मोजलं आणि जमिनीच्या तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा उभारायला सांगितलं. पण नवी मुनिसिपालिटी जाहीर करायला एक दिवस पुरतो, फीत कापता येते, फोटो निघतो. शेतात साखळी टाकून मोजणी करायला वर्षं लागतात आणि तिचं श्रेय पुढच्याला मिळतं. बांगसामोरोच्या संसदेची पहिली निवडणूक २०२२ ला व्हायची होती, तीही पुन्हा पुन्हा पुढे गेली. तोवर नेमलेली माणसं कारभार पाहत राहिली. निवडणुकीची घाई नसलेल्या या काळात मोजणी सुरू झाली असती तर बरं झालं असतं. अजूनही सुरू करता येईल, निदान पिकिटच्या जुन्या ४२ बारांगायांत, तिन्ही समाजांची माणसं पंच म्हणून उभी करून. नालापानच्या लोकांना हे काम शिकवावं लागणार नाही.

आजींना पंधरा दिवसांनी घरी सोडलं. सिस्टर कागद भरत होत्या. आजींनी बारांगायचं नाव लगेच सांगितलं. पुढच्या रकान्यात मुनिसिपालिटी लिहायची होती, तिथं मुलगा एक नाव सांगू लागला आणि सून दुसरं. घर एका बाजूला आलं होतं, शेत दुसऱ्या. आजी थोडा वेळ दोघांचं ऐकत राहिल्या, मग सिस्टरांना म्हणाल्या, पिकिट लिहा.